मुक्या सोबत्याची बेगमी

गेल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. माझे वडील पुण्यातच, सिंहगड रस्ता परिसरात एकटे राहतात. दर महिन्याच्या अखेरीस मी त्यांच्याकडे जाते आणि पुढील महिन्याची औषधे डबीत भरून ठेवते. त्या दिवशी २६ तारीख होती. रक्तदाबाच्या ३० गोळ्यांपैकी ४ उरायला हव्या होत्या. मोजल्या, तर १७ निघाल्या.

"अण्णा, गोळ्या घ्यायला विसरता की काय तुम्ही?"

"विसरत नाही. एक दिवसाआड घेतो. बरं वाटतंय मला."

त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. बऱ्याच वेळाने, पानावरची नजर न उचलता ते म्हणाले, "जुलैत चिंगीचं जरा जास्त झालं ना."

चिंगी म्हणजे त्यांची नऊ वर्षांची, तांबूस रंगाची, १६ किलो वजनाची गावठी कुत्री. आई गेली त्या वर्षी ती जिन्याखाली सापडली आणि घरचीच झाली. अण्णा ७८ वर्षांचे आहेत. पहाटे उठण्याचे, चार पावले चालण्याचे आणि दिवसभरात कोणाशी तरी बोलण्याचे कारण त्यांना चिंगीने दिले आहे. त्यांच्या प्रकृतीवर तिचे किती उपकार आहेत, हे मी जाणते. म्हणूनच त्या १७ गोळ्या पाहून माझ्या पोटात गोळा आला. रक्तदाबाची गोळी अशी मनाने कमी केल्यास रक्तदाब वरखाली होत राहतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. माणसाला मात्र 'बरेच वाटत' असते.

जुलैत झाले ते असे. आषाढाच्या आरंभी चिंगीने खाणे सोडले, अंग तापले, हिरड्या पांढुरक्या पडल्या. निदान झाले गोचीड तापाचे. तीन वेळा तपासणीचे १,५०० रुपये, रक्ताच्या चाचण्यांचे २,९००, चार दिवस सलाईन व इंजेक्शने यांचे ३,२००, चार आठवड्यांच्या गोळ्यांचे १,१५०, टॉनिकचे ६५० आणि रिक्षाचे १,६००. एकूण ११,००० रुपये. अण्णांचे खासगी कारखान्यातील निवृत्तिवेतन २,८०० रुपयांचे. बाकी सारा संसार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या व्याजावर. ते दर तिमाहीला ३०,७५० रुपये येते. जुलैचे व्याज हाती पडले आणि पहिल्या पंधरवड्यातच त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग निघून गेला. मुलीकडे मागण्याचा त्यांचा स्वभाव नाही. मग कात्री कुठे लावायची? जिथे कोणाच्या लक्षात येणार नाही तिथे. चिंगीच्या गोळ्या त्यांनी मात्र २८ दिवस, घड्याळ लावून, एकही न चुकवता दिल्या होत्या.

त्या संध्याकाळी आम्ही बापलेक वही घेऊन बसलो. बोलता बोलता जे उमगले, ते या लेखाचे निमित्त आहे. चिंगीचा तो खर्च आम्ही 'अचानक आलेला' म्हणत होतो. परंतु पशुवैद्यांनी सांगितले होते की, पाऊस सुरू झाला की असे रुग्ण त्यांच्याकडे रोज येतात. दरवर्षी ठरलेल्या ऋतूत जे येते, त्याला अचानक कसे म्हणावे? आपल्याकडे मे महिन्यात पापड वाळतात, लोणच्याची बरणी भरते, वर्षाचे धान्य निवडून डब्यात जाते, गच्चीच्या भेगा बुजवल्या जातात. पावसाळ्याची बेगमी ही मराठी घराची जुनी रीत आहे. त्या यादीत मुक्या सोबत्याचे नाव तेवढे लिहायचे राहून जाते.

सर्वांत मोठा शत्रू गोचीड; म्हणून त्याविषयी सविस्तर सांगते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर गोचिडांची पैदास वाढते. पोट भरलेली मादी अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पायपुसण्याखाली हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला नुसती आंघोळ घालून भागत नाही. त्याची झोपण्याची जागा, फटी आणि पायपुसणी यांचीही सफाई करावी लागते. गोचीड चावल्यावर जे सूक्ष्म जंतू रक्तात शिरतात, ते पांढऱ्या पेशींत ठाण मांडतात आणि रक्त गोठवणाऱ्या पेशींची संख्या घटते. ताप, अन्नावरची वासना उडणे, मरगळ, फिकट हिरड्या, क्वचित नाकातून रक्त येणे, यांपैकी एखादे लक्षण दिसले तरी 'उद्या बघू' म्हणू नये. पहिल्या दोन दिवसांत नेलेला कुत्रा पुष्कळदा केवळ गोळ्यांवर बरा होतो. अण्णांनी पाच दिवस वाट पाहिली, कारण महिनाअखेर होती. त्या पाच दिवसांनी सलाईनचे ३,२०० रुपये वाढवले, असे मी म्हणेन. अण्णांना ते मान्य नाही.

यावरचा उपाय महाग वाटतो, पण रोगापेक्षा स्वस्त पडतो. मानेवर सोडायचे थेंब महिनाभर पुरतात. खायची गोळी काही प्रकारांत बारा आठवडे काम करते. चिंगीच्या वजनाला बारा आठवड्यांची गोळी आम्हांला १,९०० रुपयांना पडते. मार्च, जून आणि सप्टेंबर अशा तीन वेळा ती द्यायची आणि थंडीच्या तीन महिन्यांत केवळ हाताने तपासणी करायची, असे आमच्या पशुवैद्यांनी ठरवून दिले. हे वेळापत्रक सर्वांना लागू पडेल असे नाही. गावाकडे, गोठ्याजवळ किंवा भटक्या कुत्र्यांच्या वावरात राहणाऱ्यांना बाराही महिने औषध लागू शकते. शिवाय ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्या मालकाने ही गोळी देण्यापूर्वी तसे पशुवैद्यांना सांगितलेच पाहिजे.

रोज संध्याकाळी दहा मिनिटे बोटांनी अंग चाचपणे हा मात्र फुकटचा उपाय आहे. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, त्यांनाही तो साधतो, कारण गोचीड डोळ्यांआधी बोटांना कळते. कानांच्या आत व मागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी पाहावे. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. नखाने चिरडू नये आणि रॉकेल तर मुळीच लावू नये.

पावसाळ्याचा दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत या रोगाने किती घरांवर घाला घातला, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. कुत्र्याच्या वार्षिक संयुक्त लशीत बहुधा या रोगावरील अंशही असतो; तो आहे ना, हे विचारून घ्यावे आणि ही लस पाऊस येण्यापूर्वी, मे महिन्यातच टोचून घ्यावी. आजारी कुत्र्याचे मूत्र अनवाणी पायांनी वा उघड्या हातांनी पुसू नये. मधुमेह असलेल्या आणि पायांना भेगा पडलेल्या ज्येष्ठांनी तर याबाबत विशेष जपावे.

रेबीजची लस हा खर्चाच्या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अटळ भाग. आम्हांला ती ३५० रुपयांना पडते. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास अनेक ठिकाणी पशुसंवर्धन विभाग, महानगरपालिका आणि प्राणिमित्र संस्था विनामूल्य लसीकरण करतात. ज्यांची ओढाताण आहे, त्यांनी ही तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. लशीचे प्रमाणपत्र जपावे, कारण महानगरपालिकेच्या परवान्यासाठी तेच लागते. आणि घरचाच कुत्रा किंवा मांजर दात लावून गेले, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रुग्णालय गाठावे. 'आपलाच आहे तो' या मायेपोटी आपल्याकडे फार मोठी जोखीम पत्करली जाते. सरकारी व महानगरपालिकेच्या रुग्णालयांत माणसांना ही लस विनामूल्य मिळते.

उन्हाळ्याचा खर्च पैशांपेक्षा शिस्तीचा आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धाप टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. त्यामुळे वैशाखात फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री. आणि ते फिरवणाऱ्या आजोबांच्याही हिताचे. हाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेवून पाहावी. चटका बसला, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवे भाजणार हे ओळखावे. मातीच्या पसरट परळात सावलीत पाणी, फरशीवर ओला पंचा, एवढे पुरते. मात्र कुत्रा जोराने धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला, लटपटू लागला, तर साधे पाणी अंगावर ओतून, पंख्याखाली ठेवून तातडीने दवाखान्यात न्यावे. बर्फ लावू नये.

मेचा आणखी एक खर्च असतो, तो सुट्टीचा. नातवंडांकडे किंवा गावी जायचे, तर प्राण्याला कुठे ठेवायचे? आमच्या भागात प्राण्यांच्या निवासगृहात दिवसाला ६०० रुपयांच्या आसपास पडतात आणि सुट्टीत व दिवाळीत जागा आधीच भरून जातात. अण्णा दिवाळीत तीन दिवस माझ्याकडे येतात, तेव्हाचे १,८०० रुपये वहीत आहेत. माझ्या इमारतीत फटाक्यांचा फार गलका असतो. पहिल्या वर्षी चिंगी पलंगाखालून बाहेरच आली नाही. तेव्हापासून तिची रवानगी शहराबाहेरच्या शांत जागी होते.

थंडीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. आपल्याकडची थंडी सोसण्याजोगी असते. जुनी गोधडी आणि जमिनीपासून चार बोटे उंच चटई मिळाली की काम भागते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे मात्र आपल्यासारखेच धरतात. आणि इथेच एक इशारा देणे भाग आहे. ज्येष्ठांच्या घरात वेदनाशामक गोळ्यांचा डबा हाताशी असतो. 'बिचारा लंगडतोय' म्हणून त्यातली अर्धी गोळी दिली जाते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा होते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. दीडशे रुपये वाचवायला जाऊन जीव जातो, हे पशुवैद्यांना वारंवार पाहावे लागते.

मांजर पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कुत्र्यांसाठी असलेले गोचीड-पिसवांचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला विषासमान आहे. घरात दोन्ही प्राणी असतील, तर औषधे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. बाकी मांजराचा ऋतुमानाचा खर्च कुत्र्यापेक्षा बराच कमी. हे मांजरप्रेमी आम्हांला नेहमी ऐकवतात आणि त्यांचे खरे आहे.

आता आमच्या वहीचा हिशेब सांगते. दर शहरागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतात. आमचे आकडे केवळ मांडणी कळावी म्हणून. अण्णांचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत येते आणि ऋतूही साधारण त्याच टप्प्यांनी पालटतात. म्हणून महिन्याऐवजी तिमाही धरली. एप्रिलच्या व्याजातून तपासणी ५००, संयुक्त लस ९००, रेबीज ३५०, जूनची गोचीड-गोळी १,९०० आणि जंताचे औषध १५० असे ३,८०० रुपये बाजूला निघतात. जुलैच्या व्याजातून सप्टेंबरची गोळी १,९००, जंताचे १५०, बुरशीवरचा शाम्पू व कान पुसण्याचे औषध ६०० आणि एक तपासणी ५००, म्हणजे ३,१५०. ऑक्टोबरला दिवाळीचे १,८००, सांध्यांचे औषध व अंथरूण ९००, जंताचे १५०, म्हणजे २,८५०. जानेवारीला वयस्क कुत्र्याची रक्ततपासणी १,८००, पशुवैद्यांचे ५००, मार्चची गोळी १,९०० आणि जंताचे १५०, म्हणजे ४,३५०. वर्षाचे झाले १४,१५० रुपये; महिन्याला सुमारे १,१८०. याखेरीज महिन्याला ५०० रुपये अडीअडचणीच्या डब्यात. वर्षाअखेर तिथे ६,००० साठतात.

आकडा पाहून अण्णा म्हणाले, "एवढे लागतात?" मी म्हटले, "गेल्या वर्षी तुम्ही एकट्या जुलैत ११,००० दिलेत." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पेन्सिलने 'टॉनिक' हा शब्द खोडला. पशुवैद्यांनी ते आवश्यक नसल्याचे आधीच सांगितले होते.

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. लस, गोचिडांचे औषध आणि जंताचे औषध यांत नाही. कपडे, सुगंधी आंघोळ, परदेशी बिस्किटे यांत खुशाल करावी. घरचा भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे कोंबडीचे मांस व थोडा लाल भोपळा हे विकतच्या खाद्याला जोड म्हणून चांगले चालते. मात्र केवळ दूध-पोळीवर कुत्र्याचे पोषण होत नाही, आणि कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट यांना स्पर्शही होऊ देऊ नये. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत नाममात्र शुल्कात तपासणी होते, हे शहरातल्या अनेकांना ठाऊकच नसते. मुंबईकरांसाठी परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे, तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुणे-सातारकरांना शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सोयीचे पडते. अशा महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत थांबावे लागते, परंतु तपासणी कसून होते. प्राण्यांचा विमाही आता काही कंपन्या देतात. पण त्याला वयाची अट असते आणि आधीचे आजार बहुधा वगळलेले असतात. चिंगीच्या वयाला तो उपयोगाचा नव्हता; लहान पिल्लू आणणाऱ्यांनी मात्र अटी वाचून विचार करावा.

दुसरी बचत झाली ती अण्णांच्या स्वतःच्या औषधांत, आणि तीही गोळ्या न गाळता. त्यांच्या डॉक्टरांना विचारून आम्ही जनऔषधी केंद्रातून औषधे घेऊ लागलो. महिन्याचे २,४०० रुपयांचे बिल जवळजवळ निम्म्यावर आले. चिंगीचा मासिक वाटा त्यातूनच निघतो, असे म्हटले तरी चालेल. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, 'प्राण्यावर किती पैसे घालवता' असे म्हणू नये. तसे म्हटले की वृद्ध माणूस खर्च थांबवत नाही, लपवू लागतो. त्याऐवजी वही मागावी, आणि गोळ्याही मोजाव्यात.

पैशांच्या मदतीचा प्रश्न नाजूक असतो. मी देऊ केलेली रक्कम अण्णांनी दोनदा परत केली. तिसऱ्या वेळी मी रोख दिली नाही. जून ते सप्टेंबर चिंगीला सकाळी फिरवून आणायला शेजारच्या महाविद्यालयीन मुलाला ठरवले. ओल्या जिन्यावर, ओढ घेणाऱ्या पट्ट्यासह उतरणे ७८ व्या वर्षी धोक्याचेच. घसरून खुब्याचे हाड मोडले, तर त्यापुढे कुत्र्याचा सारा खर्च किरकोळ वाटावा. त्याचे पैसे मी देते. अण्णांच्या वहीत ते नाहीत आणि त्यांनी अजून विचारलेले नाही. संध्याकाळचे फिरणे त्यांनी सोडलेले नाही. पाऊस थांबला की दोघे सोसायटीच्या आवारात चकरा मारतात.

आम्ही एक गोष्ट आणखी केली. फ्रिजवर एक कागद चिकटवला: चिंगीचे वजन, लशींच्या तारखा, चालू औषधे, पशुवैद्यांचा क्रमांक, आणि अण्णांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तिला कोण नेणार त्या शेजाऱ्यांचे नाव. किल्लीही त्यांच्याकडे देऊन ठेवली आहे. एकटे राहणारे कित्येक ज्येष्ठ 'हिला कोण बघेल' या एका चिंतेपायी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. अण्णांनीही दोन वर्षे ढकलली होती. गेल्या डिसेंबरात ती झाली. चिंगी दोन दिवस शेजारी राहिली, अडीअडचणीच्या डब्यातून तिच्या खाण्याचे ३०० रुपये गेले, तेवढी नोंद वहीत आहे.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी गेले, तेव्हा टेबलावर पाकिटे मांडलेली होती. 'चिंगी, पावसाळा' असे लिहिलेल्या पाकिटात ३,८०० रुपये होते. शेजारचे 'औषधे, माझी' हे पाकीट मी सुचवलेले नव्हते. मी नेहमीप्रमाणे गोळ्या मोजू लागले, तशी चिंगी उठून दाराशी जाऊन उभी राहिली. तिची फिरायची वेळ झाली होती. अण्णा पट्टा शोधत म्हणाले, "मोज, मोज. यंदा हिशेब जुळेल तुझा."